वज्रलेप : एका शब्दाचा आणि आसंजनाच्या कल्पनेचा इतिहास

१

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या बाबतीतही २०२० साली अशीच प्रक्रिया करण्यात आली. या दोन्ही प्रसंगी भाविकांच्या तोंडी आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एकच शब्द होता, तो म्हणजे 'वज्रलेप'. मूर्तीची झीज थांबविण्यासाठी आज जी द्रव्ये वापरली जातात ती विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने सिद्ध केलेली आहेत. शब्द मात्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे. द्रव्य बदलले आणि नाव टिकले, ही घटना भाषेच्या इतिहासात नवी नव्हे. परंतु या विशिष्ट शब्दाच्या बाबतीत ती विचार करण्याजोगी आहे. एक पदार्थ दुसऱ्या पदार्थाला चिकटतो म्हणजे नेमके काय घडते, आणि हे चिकटणे कोणाचा गुण मानावयाचा, असा एक जुना प्रश्न या नामांतराच्या अभावामागे उभा आहे.

भिन्न पदार्थांची पृष्ठे परस्परांना चिकटण्याच्या या घटनेस शास्त्रीय मराठीत आज 'आसंजन' म्हणतात. एकाच पदार्थाचे कण परस्परांना धरून राहतात, त्यास 'ससंजन' ही संज्ञा आहे. दोन्ही संज्ञा संस्कृत 'सञ्ज्' या धातूपासून सिद्ध झाल्या असून संग, प्रसंग, आसक्ती हे मराठीच्या नित्य व्यवहारातील शब्दही त्याच धातूचे होत. प्रस्तुत लेखात वज्रलेप या शब्दाचा मागोवा घेत आसंजनाची कल्पना कोणकोणत्या अवस्थांतून गेली ते पाहावयाचे आहे. शब्दाचा इतिहास आणि कल्पनेचा इतिहास यांची गल्लत केल्यामुळे जे गैरसमज रूढ झाले, त्यांचाही विचार त्या ओघात होईल.

२

वज्रलेपाचे सुप्रसिद्ध वर्णन वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त आढळते. सहाव्या शतकातील या ग्रंथात प्रासादलक्षण आणि प्रतिमालक्षण या दोन विस्तृत प्रकरणांच्या मध्ये अवघ्या काही श्लोकांचा 'वज्रलेपलक्षण' नावाचा अध्याय आहे. त्याचे स्थानच त्याचा हेतू सांगते. मंदिर बांधून झाले आहे, मूर्ती घडवावयाची आहे, आणि या दोहोंना टिकाऊपणा देणारा लेप कसा करावा, हा तेथील विषय आहे.

अध्यायातील पहिली कृती पुढीलप्रमाणे आहे. टेंभुर्णीची कच्ची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड ही एक द्रोण पाण्यात उकळावीत आणि अष्टमांश उरेपर्यंत आटवावीत. या काढ्यात श्रीवासक म्हणजे देवदारवर्गीय वृक्षाची राळ, बोळ, गुग्गुळ, बिब्बा, कुंदुरू, सर्जरस, जवस आणि बेलफळ यांचा कल्क मिसळावा. सिद्ध झालेला लेप तापलेला असतानाच प्रासाद, सज्जे, शिवलिंगे, प्रतिमा, भिंती व विहिरी यांस लावावा. असा लेप एक कोटी वर्षे टिकतो, असे फल वराहमिहिराने सांगितले आहे. ही संख्या मीमांसकांच्या परिभाषेत 'अर्थवाद' या सदरात टाकावी लागेल. प्रशंसा हा तिचा हेतू आहे, कालमापन नव्हे.

दुसऱ्या कृतीत लाख, कुंदुरू, गुग्गुळ, घरातील काजळी, कवठ व बेल यांचा गर, मंजिष्ठ, राळ, आवळा इत्यादी द्रव्ये येतात. तिसरी कृती याहून सर्वस्वी निराळी आहे. तीत गाय, म्हैस व बकरा यांची शिंगे, गाढवाचे केस, म्हशीचे कातडे, गव्य आणि निंब व कवठ यांचा रस सांगितला आहे. चौथी तर वनस्पती व प्राणी या दोन्ही सृष्टींबाहेर जाते. आठ भाग शिसे, दोन भाग कांसे आणि एक भाग पितळ यांचा तो योग असून तो मयाने सांगितला असा निर्देश आहे. त्याचे नाव 'वज्रसंघात'.

या चार कृतींना वराहमिहिराने थोड्याफार फरकाची नावे दिली असली तरी 'वज्र' हे पद त्या सर्वांना जोडणारे आहे. पहिली वनस्पतिजन्य, दुसरी लाखेचा आधार घेणारी, तिसरी प्राणिजन्य, चौथी धातूंची. यांच्यात समान असे एकही द्रव्य नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वज्रलेप हे प्रारंभापासूनच कोणा एका द्रव्याचे नाव नव्हते. ते एका कार्याचे नाव होते. जो लेप पृष्ठाला वज्राप्रमाणे दृढ धरून राहील तो वज्रलेप. 'वज्रलेपाची मूळ कृती कोणती?' असा प्रश्न अभ्यासक वारंवार विचारतात. तो प्रश्नच या दृष्टीने सदोष ठरतो.

३

हाच शब्द सुमारे सहा शतकांनंतर दक्षिणेत पुन्हा भेटतो, तेव्हा त्याचा अर्थ आणखी बदललेला दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा आहे. मराठीच्या प्राचीन रूपांचा शोध घेणाऱ्यांना हा ग्रंथ परिचित आहेच. त्यातील चित्रकर्माच्या विवेचनात वज्रलेपाची कृती येते. म्हशीचे ताजे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत पाण्यात शिजवावे, पाणी आटवून त्या गोळ्याच्या कांड्या कराव्यात, त्या उन्हात वाळवाव्यात, आणि उपयोगाच्या वेळी मातीच्या भांड्यात पाण्यासह तापवून विरघळवाव्यात. पांढऱ्या मातीत मिसळून हा लेप भिंतीवर द्यावयाचा व त्यावर चित्र काढावयाचे, असा विधी आहे.

हे द्रव्य म्हणजे सुताराचा सरसच होय. 'सरस' हा मराठी शब्द फारसी 'सरेश' या शब्दाशी संबद्ध आहे. म्हणजे वस्तू आधीपासून वापरात असूनही तिचे नाव नंतरच्या संपर्कातून आले. सोमेश्वराच्या ग्रंथातील वज्रलेप आणि वराहमिहिराच्या अध्यायातील पहिला वज्रलेप यांत महत्त्वाचा भेद आहे. राळेचा लेप पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो विहिरीच्या भिंतीलाही चालतो. सरस मात्र पाण्याने फुगतो व मऊ पडतो. तो आतील भिंतीवरील चित्राला उत्तम बंध देईल, पण उघड्यावरील मूर्तीचे पर्जन्यापासून रक्षण करणार नाही. नाव एक आहे एवढ्यावरून दोन्ही ग्रंथांतील द्रव्ये एकच मानणे हे मजकुराच्या दृष्टीने चूक आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने धोक्याचे आहे. या ठिकाणी शब्दार्थाची चिकित्सा ही केवळ पंडिती हौस राहत नाही. एखाद्या वास्तूचे बरेवाईट तिच्यावर अवलंबून असू शकते.

लाक्षणिक अर्थानेही हा शब्द स्थिरावला. पुण्यक्षेत्री केलेले पाप वज्रलेप होते, या आशयाचे संस्कृत वचन प्रसिद्ध आहे. याच्या उलट टोकाला भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील कमलपत्राचा दृष्टांत आहे. पाण्याने जसे कमलपत्र लिप्त होत नाही तसा अनासक्त पुरुष पापाने लिप्त होत नाही, असे तेथे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी 'लिप्' हाच धातू आहे. माखणे आणि चिकटणे असा दुहेरी अर्थ असलेल्या या धातूपासून मराठीतील लेप, लिंपणे, अलिप्त हे शब्द तर आलेच; 'लिपी' हा शब्दही आला. चरबी या अर्थाचा ग्रीक भाषेतील 'लिपोस' हा शब्द याच धातूचा दूरचा आप्त होय. तैलयुक्त, माखणारे आणि चिकटणारे या तीन कल्पना भाषेने फार पूर्वीपासून एकत्र बांधलेल्या आहेत.

मराठीतील 'चिकट' या शब्दाचे कुलही असेच आहे. झाडाचा चीक, चिकण माती, चिकणी सुपारी, चिकटणे आणि अखेरीस चिकाटी, या सर्वांत कधी गुळगुळीतपणा, कधी ओशटपणा, तर कधी धरून राहण्याचा गुण प्रकट होतो. डिंक, सरस, खळ, लाख, राळ यांना मराठी भाषक चिकट म्हणतो, तेव्हा चिकटपणा त्या त्या द्रव्याच्या ठिकाणी वसतो असे तो नकळत गृहीत धरीत असतो. हे गृहीत भाषेपुरते मर्यादित राहिले नाही. दर्शनांतही त्याला स्थान मिळाले.

४

वैशेषिकांनी मानलेल्या चोवीस गुणांत 'स्नेह' हा एक गुण आहे. पीठ वा चूर्ण यांचा गोळा होण्यास जो गुण कारण होतो तो स्नेह, अशी त्याची व्याख्या असून तो केवळ जलाच्या ठिकाणी असतो असा सिद्धांत आहे. प्रशस्तपादाच्या भाष्यापासून सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'पर्यंत ही मांडणी चालत आलेली दिसते. तेल व तूप यांतील स्निग्धताही त्यांतील जलीय अंशामुळे आहे असे समर्थन करण्यात आले. कणीक पाण्याने मळली जाते, ओली वाळू आकार धरते आणि सुकताच विखुरते, या नित्याच्या अनुभवावर हा सिद्धांत उभा आहे. अनुभव खरा आहे. ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म सेतू असतात आणि त्यांच्या पृष्ठताणाने कण एकत्र ओढले जातात, असे आजचे भौतिकशास्त्रही सांगते.

तथापि स्नेह हा जलाचा स्वतःचा गुण मानला की एक अडचण उत्पन्न होते, आणि ती मराठीतील एका वाक्प्रचारातच दडलेली आहे. क्षणभंगुर गोष्टीला 'अळवावरचे पाणी' म्हणतात. पाणी तेच; ते स्वच्छ काचेवर पसरते, मातीत मुरते, पण अळूच्या पानावर थेंबाच्या रूपाने घरंगळते. चिकटण्याचा गुण एकट्या पाण्याचा असता तर पानाने त्यात भेद का करावा? वाक्प्रचार एकट्या पाण्याचा नाही, एकट्या पानाचाही नाही. तो त्या दोहोंच्या संबंधाचा आहे.

या संबंधासाठी वैशेषिकांजवळ एक वेगळी संज्ञा होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 'संयोग' हाही त्यांच्या गुणांपैकी एक असून तो 'द्विष्ठ' आहे, म्हणजे तो एका द्रव्यात न राहता एकाच वेळी दोहोंत राहतो. आसंजनाचे कारण त्यांनी स्नेहात शोधले, संयोगाला त्यांनी दोन द्रव्यांची प्राप्ती एवढ्यापुरतेच मर्यादित ठेवले. पुढील काळात पश्चिमेकडे झालेल्या संशोधनाचा मथितार्थ या परिभाषेत सांगावयाचा तर असे म्हणता येईल, की आसंजनाचा विचार स्नेहाकडून संयोगाकडे सरकला. वैशेषिकांना आधुनिक सिद्धांत अवगत होता असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांची परिभाषा हा बदल नेमकेपणाने दाखविण्यास उपयोगी पडते, एवढेच.

५

गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या दोन नव्या शास्त्रांवरील संवादात पदार्थांच्या दृढतेची चर्चा करताना एक साधा प्रयोग सांगितला आहे. संगमरवराच्या, धातूच्या वा काचेच्या दोन अत्यंत घोटीव चकत्या एकमेकींवर ठेवल्या असता वरची उचलताच खालचीही तिच्यासह उचलली जाते. मध्ये कोणतेही चिकट द्रव्य नाही. निसर्गाला पोकळी सहन होत नाही हे याचे एक कारण होय, असे गॅलिलिओस वाटले. तेवढ्याने भागत नाही हेही त्याला जाणवले आणि कणांमधील एखाद्या चिवट द्रव्याची शक्यता त्याने विचारात घेतली. टॉरिचेल्लीच्या १६४४च्या सुमाराच्या प्रयोगानंतर वातावरणाच्या दाबाची कल्पना पुढे आली आणि पोकळीच्या भीतीची आवश्यकता उरली नाही. तरी घनपदार्थाचे कण एकत्र का राहतात हा प्रश्न शिल्लकच होता.

प्राचीन अणुवाद्यांनी यासाठी आकड्यांचे अणू कल्पिले होते. न्यूटन याने आपल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथाच्या १७१७च्या आवृत्तीतील एकतिसाव्या प्रश्नात ही कल्पना अमान्य केली. कारण तो आकडा स्वतः का तुटत नाही हा मूळ प्रश्नच त्याने पुढे ढकलला जातो. त्याच्या मते कणांमध्ये अत्यल्प अंतरावर प्रबळ असणारी व अंतर वाढताच क्षीण होणारी आकर्षणे असली पाहिजेत. ती शोधून काढणे हे प्रयोगशास्त्राचे काम आहे. हे काम पुरे होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

त्यातील पहिला निर्णायक टप्पा टॉमस यंग याचा होय. १८०५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने प्रतिपादन केले, की द्रवाचा थेंब घनपृष्ठाशी जो कोन करतो तो त्या विशिष्ट द्रव-घन जोडीला ठरलेला असतो. काचेवरील पाण्याचा कोन लहान, पाऱ्याचा मोठा. पुढे १८६९ साली फ्रान्समधील आतानाझ द्युप्रे याने दोन पृष्ठे विलग करण्यास लागणाऱ्या कार्याची मांडणी केली आणि हा स्पर्शकोन व द्रवाचा पृष्ठताण यांवरून ते कार्य काढता येऊ लागले. अळवावरचे पाणी आणि वज्रलेप ही एकाच मापनपट्टीवरील दोन टोके ठरली. पानावरील मेणाचा थर आणि त्याची सूक्ष्म खडबडीत रचना यांमुळे पाण्याचा स्पर्शकोन फार मोठा होतो व आसंजनाचे कार्य अत्यल्प राहते. कमलपत्राच्या बाबतीत बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ साली हे सविस्तर दाखविले.

६

विसाव्या शतकात या विषयाला औद्योगिक निकड प्राप्त झाली. विमाने लाकडी होती आणि त्यांचे सांधे सरसाने वा दुधातील केसीनने जोडलेले होते. जे. डब्ल्यू. मॅकबेन व डी. जी. हॉपकिन्स यांनी १९२५ साली आसंजनाचे दोन प्रकार कल्पिले. लाकूड, कागद यांसारख्या सच्छिद्र पदार्थात द्रव शिरून घट्ट होतो आणि आकड्यासारखा अडकतो, हा यांत्रिक प्रकार. काच, धातू यांसारख्या गुळगुळीत पृष्ठांवर जो बंध होतो तो दुसरा, विशिष्ट प्रकार. या दुसऱ्या प्रकारातील बल कोणते याचे उत्तर १९३० साली मिळाले. फ्रिट्झ लंडन याने पुंजयामिकीच्या आधारे दाखविले, की विद्युद्दृष्ट्या उदासीन असलेल्या कोणत्याही दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणीच्या चलनामुळे आकर्षण असतेच. व्हॅन डर वाल्स याने १८७३ साली वायूंच्या वर्तनावरून ज्या आकर्षणाचे अनुमान केले होते त्याचा हा महत्त्वाचा घटक होय.

या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. आकर्षण जर सार्वत्रिक असेल, तर जगातील सर्वच वस्तू चिकट आहेत. मग प्रश्न उलटा होतो. दोन वस्तू का चिकटतात हे विचारण्याऐवजी, टेबलावर ठेवलेले पुस्तक टेबलाला का चिकटत नाही हे विचारावे लागते. याचे उत्तर अंतरात आहे. ही बले काही नॅनोमीटरांपलीकडे जवळजवळ नाहीशी होतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गुळगुळीत दिसणारी पृष्ठेही त्या मापाने डोंगरदऱ्यांनी भरलेली असतात. बाउडेन व टेबर यांनी घर्षणाच्या अभ्यासातून दाखविल्याप्रमाणे दोन घनपृष्ठे परस्परांवर ठेवली असता त्यांचा खरा स्पर्श काही उंचवट्यांच्या टोकांवरच होतो. उरलेल्या सर्व ठिकाणी ती परस्परांपासून, अणूंच्या हिशेबाने, फार दूर असतात. त्यात धूळ, ओलावा व तेलाचा पातळ थर यांची भर पडते.

गोंद, सरस, राळ इत्यादी आसंजकांचे खरे कार्य आता ध्यानात येते. ते दोन पृष्ठांतील ही दरी भरून काढतात. त्यासाठी आसंजकाने आरंभी द्रव असावे लागते, म्हणजे ते सर्व खाचाखोचांत पोचेल. त्याने पृष्ठाला नीट भिजवावे लागते, म्हणजे स्पर्श अणूंच्या अंतरापर्यंत येईल. आणि अखेरीस त्याने घट्ट व्हावे लागते, म्हणजे ओढ लागली असता ते स्वतः वाहून जाणार नाही. पाणी पहिल्या दोन अटी पुरी करते, तिसरी करीत नाही. म्हणून ओली वाळू सुकल्यावर विखुरते. सुतार सांध्याला रंधा मारतो, सरस तापवून लावतो आणि सांधा शिकंज्यात आवळून ठेवतो. या तीन क्रियांत स्वच्छ पृष्ठ, भिजणे आणि घट्ट होणे या अटी पाळल्या जातात. त्याला सिद्धांत ठाऊक नसेल. अटी ठाऊक असतात.

यापुढील संशोधनाने या चित्रात भर घातली. सोव्हिएत रशियातील देर्यागिन व त्याचे सहकारी यांनी १९४०च्या दशकात दोन पृष्ठांमधील विद्युद्भाराच्या देवघेवीवर भर दिला. व्होयुत्स्की याने बहुवारिकांच्या रेणूंचे परस्परांत शिरणे महत्त्वाचे मानले. बिकरमन याने १९६१च्या आपल्या ग्रंथात, सांधा तुटतो तो बहुधा पृष्ठावरील एखाद्या दुर्बल थरामुळे, असे प्रतिपादिले. यांपैकी कोणताही एक सिद्धांत सर्व प्रकरणांना पुरेसा नाही, असे आज सामान्यतः मानतात. काही जोडांत रासायनिक बंधही तयार होतात. परंतु निकट स्पर्श ही अट सर्वांत समान आहे.

निकट स्पर्श साधला तर चिकट द्रव्याची गरजच उरत नाही, याचा पुरावा भिंतीवरील पालीने दिला. पालींच्या एका मोठ्या जातीच्या बोटांवर लाखो सूक्ष्म केस असून त्यांची टोके शेकडो अतिसूक्ष्म पात्यांत विभागलेली असतात. केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा एका केसाचे बल मोजले आणि २००२ साली दाखविले, की पाणी शोषणाऱ्या व पाणी झिडकारणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठांवर ते सारखेच धरते. म्हणजे हे आसंजन प्रामुख्याने व्हॅन डर वाल्स बलांचे आहे. पालीच्या पायात डिंक नाही. तेथे आहे तो केवळ संयोग.

७

या प्रकाशात वराहमिहिराच्या अध्यायाकडे पुन्हा पाहिले असता दोन टोकांच्या मतांपासून सावध राहणे अगत्याचे ठरते. एक मत असे, की वज्रलेपात आधुनिक बहुवारिकशास्त्राचे ज्ञान आहे. दुसरे असे, की एक कोटी वर्षे टिकणारा लेप ही निव्वळ भाकडकथा आहे. दोन्ही मते मजकूर नीट न वाचता बनविलेली आहेत.

मजकुरात काय आहे? लेप तापलेला असतानाच लावावा ही सूचना आहे. तापल्याने राळ पातळ होते, पृष्ठ भिजविते आणि निवल्यावर घट्ट होते. म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही अटींची व्यवस्था त्या एका विशेषणात आहे. काढा अष्टमांशापर्यंत आटवावा ही सूचना त्यातील चिकट व तुरट अंश दाट करणारी आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सुकते व त्याचा चिवट थर बनतो. बिब्ब्याचे उदाहरण अधिक लक्षणीय आहे. परीट कपड्यावर खूण करण्यासाठी ज्याचा उपयोग करीत असत त्या बिब्ब्याच्या रसात कॅटेकॉल वर्गाची द्रव्ये असतात. चीन व जपान येथील प्रसिद्ध लाक्षाकामात वापरल्या जाणाऱ्या वृक्षाच्या चिकातील मुख्य द्रव्य त्यांचेच सजातीय आहे, आणि दोन्ही वृक्ष एकाच कुलातील आहेत. समुद्राच्या लाटा खात खडकाला चिकटून राहणाऱ्या शिणाण्याच्या वर्गातील शिंपल्यांच्या चिकट प्रथिनातही कॅटेकॉल गट असल्याचे हर्बर्ट वेट याने १९८१ साली दाखविले. पाण्यातही पृष्ठाला धरून राहण्याच्या गुणाशी या गटाचा निकट संबंध आहे.

यावरून वराहमिहिराला कॅटेकॉल ठाऊक होते असे म्हणणे हास्यास्पद होईल. बिब्बा, जवस व राळ एकत्र आटविल्यावर नेमके काय होते, याचा निर्णय श्लोक देऊ शकत नाहीत. तो प्रयोगानेच होऊ शकतो. श्लोकांत जे जतन झाले आहे ते कारागिरांच्या पिढ्यांनी पारखलेल्या अटींचे ज्ञान. कारणांचे ज्ञान हे निराळे असते आणि ते निराळ्या मार्गाने येते. एकाला दुसऱ्याचे नाव दिल्याने कोणाचाच गौरव होत नाही.

८

आधुनिक काळात 'वज्र' या पदाला शोभतील अशी द्रव्ये खरोखरच निर्माण झाली. केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन याने १९४१ साली 'रेडक्स' हे धातू जोडणारे आसंजक सिद्ध केले आणि विमानांचे धातूचे भागही चिकटवून जोडता येऊ लागले. एपॉक्सी वर्गाचे 'ॲराल्डाइट' १९४६ साली बाजारात आले. भारतात १९५९ साली मुंबईत 'फेव्हिकॉल' निघाले आणि सुताराच्या तापवावयाच्या सरसाची जागा पांढऱ्या, थंडच लावावयाच्या द्रव्याने हळूहळू घेतली. आज मराठीत न तुटणाऱ्या संबंधालाही विनोदाने तेच नाव देतात. कार्याचे नाव द्रव्याला आणि द्रव्याचे नाव कार्याला लागण्याची ही परंपरा वज्रलेपाइतकीच जुनी आहे.

परंतु प्राचीन मूर्तीच्या बाबतीत दृढतम बंध हाच उत्तम बंध, असे मात्र म्हणता येत नाही. एपॉक्सीसारखी द्रव्ये उष्णतेने दगडापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतात. त्यांचा अभेद्य थर दगडातील ओलावा आत कोंडू शकतो. आणि लेप दगडापेक्षा बळकट असेल तर ताण आल्यावर लेप तुटत नाही. त्याच्या खालचा दगडच पापुद्र्याने सुटतो. शिवाय घट्ट झालेले एपॉक्सी विरघळविणे अत्यंत कठीण असते. म्हणूनच संवर्धनशास्त्राने विसाव्या शतकात परिवर्तनीयतेचे तत्त्व पुढे आणले. आज केलेला उपचार उद्याच्या अधिक जाणत्या हातांना शक्य तितका मागे घेता यावा, असे ते तत्त्व आहे. त्यामुळे जेथे तेवढ्याने काम भागते तेथे संवर्धक ॲसिटोनमध्ये विरघळणारे 'पॅरालॉइड' हे ॲक्रिलिक द्रव्य पसंत करतात.

येथे 'वज्रलेप' हा शब्द अभ्यासकाची व प्रशासकाची दिशाभूल करू शकतो. या नावाबरोबर अक्षयतेची अपेक्षा येते, आणि ती अपेक्षा पुरविण्याच्या भरात मूर्तीला जे मानवणार नाही ते द्रव्य तिच्यावर चढविले जाण्याची भीती असते. वराहमिहिराच्या अध्यायाने एकाच नावाखाली चार सर्वस्वी भिन्न द्रव्ये सांगितली. भिन्न पृष्ठांना भिन्न लेप लागतात, हा त्या विविधतेतून निघणारा बोध त्यातील कोटी वर्षांच्या आश्वासनापेक्षा अधिक मोलाचा आहे. लेपाची निवड लेपाच्या बळावरून करावयाची नसते. ती लेप आणि दगड या जोडीवरून करावयाची असते. पालीचा पाय भिंतीला घट्ट धरतो आणि बोटांचा कोन बदलताच काही मिलिसेकंदांत सुटतो. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कार्ये एकाच संयोगाची आहेत. मूर्तीवरील लेपाची परीक्षाही तो किती काळ टिकला एवढ्यावरून न करता, तो निघाल्यावर खालचा दगड शाबूत राहतो की नाही, यावरून करणे उचित ठरेल.